पायऱ्यांवर उगवलेली झाडं: ब्रिटनमधल्या बंद फुटबॉल मैदानांवरून

गुरुवार, ग्लासगो

क्रॉसहिल स्टेशनात उतरलं की पायी पायी तीन हॅम्पडन पार्क बघून होतात. त्यातलं चालू आहे ते एकच. क्वीन्स पार्क क्लबने १८७३ मध्ये पहिलं मैदान घेतलं, १८८४ मध्ये दुसरं, १९०३ मध्ये तिसरं. दर वेळी जागा बदलली, नाव मात्र सोबत नेलं. स्कॉटलंडचा राष्ट्रीय संघ आज खेळतो ते तिसरं. मला उरलेली दोन बघायची होती.

पहिल्याच्या जागी आता लॉन बोल्सचा, म्हणजे गवतावर गोळे घरंगळवत खेळायच्या खेळाचा क्लब आहे. कातरलेलं गवत, छोटंसं क्लबघर, बाकी शांतता. कॅथकार्ट मार्गाचे रूळ मैदानावरून टाकायचे ठरले आणि क्वीन्स पार्कला बिऱ्हाड हलवावं लागलं. मी आले ती गाडी त्याच मार्गावरची. ज्या रेल्वेने मैदान उठवलं, तिचंच तिकीट काढून मी ते बघायला आले होते. क्लबपाशी भिंतीवर एक मोठं रंगीत चित्र आहे, मार्च १८८२ च्या सामन्याची आठवण म्हणून काढलेलं: स्कॉटलंड ५, इंग्लंड १. त्या संघात अँड्र्यू वॉटसन होता. गयानातल्या डेमेरारात जन्मलेला हा बचावपटू म्हणजे फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय खेळाडू. आदल्याच वर्षी लंडनमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडने इंग्लंडला ६-१ असं लोळवलं होतं.

चित्र छान आहे, पण मैदान दिसत नाही. ते कल्पनेनेच उभं करावं लागतं, आणि माझी कल्पनाशक्ती सकाळच्या थंडीत फारशी चालत नाही.

दुसऱ्या हॅम्पडनला मात्र कल्पनेची गरजच पडली नाही. १९०३ मध्ये क्वीन्स पार्क तिथून गेलं आणि थर्ड लॅनार्क या क्लबने ती जागा घेऊन तिचं नाव कॅथकिन पार्क ठेवलं. आज ते सार्वजनिक उद्यान आहे. झाडीतून वाट काढत गेलं की एकदम जमीन खाली उतरते आणि समोर येतं ते हिरवं मैदान, त्याच्या तीन बाजूंना काँक्रीटच्या पायऱ्या. पायऱ्यांवर मधूनमधून लोखंडी कठडे, गर्दीचा लोंढा अडवायला रोवलेले. आणि त्या पायऱ्यांमधून वर आलेली झाडं. रोपटी नव्हेत, चांगली घेरदार झाडं. ऑक्टोबरमुळे पानं पिवळी पडलेली, निम्म्या पायऱ्या पानांखाली गेलेल्या. लांबून बघितलं तर असं वाटतं की माणसं उठून गेली आणि त्यांच्या जागा झाडांनी धरल्या.

चौथ्या बाजूला मुख्य स्टँड होता. पैसे मोजून बसणाऱ्यांची ती बाजू आता मोकळी आहे. उभं राहून बघणाऱ्यांची जागा टिकली, बसणाऱ्यांची गेली. ही गोष्ट मी वहीत टिपून ठेवली, कारण सगळा प्रवासभर ती पुन्हा तपासायची होती.

थर्ड लॅनार्क हा १८७२ मध्ये रायफल स्वयंसेवकांच्या पलटणीतून निघालेला क्लब. स्कॉटिश लीगच्या संस्थापक क्लबांपैकी एक. १९०४ चा लीगविजेता, १८८९ आणि १९०५ चा स्कॉटिश कपविजेता. १९६०-६१ च्या मोसमात त्यांनी ३४ सामन्यांत बरोबर १०० गोल मारून तिसरा क्रमांक मिळवला, आणि त्यानंतर सहाच वर्षांत क्लब संपला. मैदानावर हरून नव्हे, कचेरीत. जागा विकून तिथे घरं बांधण्याचा बेत होता, पैशाचा हिशेब लागत नव्हता. २५ एप्रिल १९६७ ला इथला शेवटचा सामना झाला, क्वीन ऑफ द साउथ या क्लबशी ३-३. तीन दिवसांनी डंबार्टनमध्ये ५-१ अशी हार, आणि त्यातला ड्रू बझ्बीने मारलेला गोल हा क्लबचा शेवटचा गोल ठरला. पुढे सरकारी चौकशी झाली, हिशेबाच्या वह्या नीट न ठेवल्याबद्दल संचालकांना दंड झाला. आणि ज्या घरांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांना महापालिकेने परवानगीच दिली नाही! म्हणून आज कॅथकिन आहे. एका हावरट बेताला कुठल्याशा टेबलावर नकाराचा शिक्का मिळाला, त्याची ही पुण्याई.

पायऱ्या टिकण्याचं आणखी एक कारण इथून फार लांब नाही. शहराच्या नैर्ऋत्येला आयब्रॉक्स आहे. ५ एप्रिल १९०२ ला तिथे स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना लाकडी पायऱ्यांचा एक भाग कोसळला आणि २५ माणसं गेली. त्या पायऱ्यांचा आराखडा ग्लासगोच्याच आर्चिबाल्ड लीच या अभियंत्याचा. दुसरा कुणी असता तर या धंद्यातून कायमचा उठला असता. लीच उठला नाही. लाकडी सांगाड्यावर उंच उभारलेल्या पायऱ्यांचं युग त्या दिवशी संपलं आणि प्रेक्षकांना मातीच्या भक्कम भरावावर उभं करण्याची रीत पडली. गर्दी अडवणाऱ्या कठड्यांवर लीचने बारकाईने काम केलं आणि पुढची तीसेक वर्षं ब्रिटनमधली कितीतरी मैदानं त्याच्याच हातून घडली. लाकूड कुजतं, जळतं, भंगारात जातं. मातीचा डोंगर हलवायला मात्र खर्च येतो, म्हणून तो बऱ्याचदा तसाच राहतो.

खाली मैदानावर दहा-बारा वर्षांची पोरं सराव करत होती. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा माझ्या शेजारच्या कठड्याला टेकले आणि म्हणाले, "बघ, अजून धरून ठेवतो." मी कठडा हलवून पाहिला. खरंच, तसूभरही हलला नाही.

शुक्रवार, संडरलँड

एडिंबरा, न्यूकॅसल, मग मेट्रो. स्टेशनवर मामा आला होता. मामा १९७२ मध्ये डॉक्टर म्हणून इकडे आला आणि इथलाच झाला. बोलण्यात अजून मराठी जशीच्या तशी, शिव्या मात्र संडरलँडच्या.

"काय बघायचंय म्हणालीस? रोकर पार्क? अगं, तिथे आहे काय बघायला! घरं आहेत." असं म्हणत त्याने गाडी थेट तिकडेच घेतली.

घरंच आहेत. १८९८ ते १९९७ असं जवळजवळ शतकभर इथे संडरलँडचं मैदान होतं, आणि ८ मार्च १९३३ ला डर्बी काउंटीविरुद्धच्या कप सामन्याला ७५,११८ माणसं इथे मावली होती. आता विटांची आटोपशीर घरं, प्रत्येकाच्या दारात गाडी. गल्ल्यांची नावं तेवढी वेगळी: प्रमोशन क्लोज, गोलमाउथ क्लोज, मिडफील्ड ड्राइव्ह, टर्नस्टाइल म्यूज. बिल्डरने आठवण राखली खरी, पण मला हा प्रकार जरा केविलवाणा वाटला. गोलमाउथ क्लोजमध्ये राहणाऱ्या माणसाला पत्ता सांगताना दर वेळी कसं वाटत असेल, याचा मी बराच वेळ विचार करत होते.

मामाने गाडी कडेला लावली आणि चालू लागला. फुलवेल एंड, म्हणजे गोलमागची उभं राहायची बाजू, कुठे होतं ते त्याला शोधायचं होतं. समुद्राचा वारा कुठल्या बाजूने यायचा यावरून त्याने दिशा धरली. दोन गल्ल्या मागे, एक पुढे, मग एका गॅरेजसमोर उभा राहिला. "इथे. साधारण इथेच." गॅरेजचं दार बंद होतं, शेजारी कचऱ्याचे डबे.

फेब्रुवारी १९७३. संडरलँड दुसऱ्या श्रेणीत, समोर मँचेस्टर सिटी, एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतल्या पाचव्या फेरीचा फेरसामना. मामाला इथे येऊन सहा महिनेही झाले नव्हते. वॉर्डातल्या सहकाऱ्याने ओढून आणलं. "नियम ठाऊक नव्हते धड. पण गं, तो आवाज! पोटात वाजायचा." संडरलँड ३-१ ने जिंकलं. पुढे मे महिन्यात वेम्ब्लीवर त्या काळच्या बलाढ्य लीड्सला इयन पोर्टरफील्डच्या एकुलत्या एका गोलवर हरवून कप घरी आणला. ही गोष्ट मामाने मला लहानपणापासून किमान पन्नास वेळा ऐकवली आहे. आज तो त्या जागेवर उभा राहून वेगळंच बोलला.

"पाय जमिनीला लागायचे नाहीत. गोल झाला की लाट यायची, पाचदहा पायऱ्या खाली नेऊन सोडायची. तेव्हा मजा वाटायची. नंतर डॉक्टर म्हणून विचार केला तेव्हा घाम फुटला. बरगड्यांना हलायला जागा नसेल तर माणूस उभ्या उभ्या जातो."

एप्रिल १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर नेमकं हेच झालं. ९७ जीव गेले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला, आणि वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची हवी असा दंडक झाला. जुन्या मैदानांना तो झेपणारा नव्हता. चारी बाजूंनी घरं, मध्ये अडकलेलं मैदान, उभं राहण्याच्या जागी खुर्च्या टाकल्या की प्रेक्षक निम्म्याहून कमी. मग शहराबाहेर किंवा बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर नवं स्टेडियम बांधायचं आणि जुनी जागा विकायची, हाच मार्ग. नव्वदच्या दशकात एकापाठोपाठ एक मैदानं गेली ती अशी. संडरलँडचं नवं स्टेडियम मंकवेअरमाउथ कोळसा खाणीच्या जागेवर उभं राहिलं. खाण बंद झाली डिसेंबर १९९३ मध्ये, स्टेडियम उघडलं जुलै १९९७ मध्ये. एका शहराची दोन तीर्थस्थळं एकाच जमिनीच्या व्यवहारात निकालात निघाली.

तिथेही गेलो. गाड्या लावायच्या जागेत रोकरच्या जुन्या स्टँडचा पोलादी जाळीचा पट्टा जपून ठेवला आहे. तिरप्या पट्ट्यांची ती जाळी म्हणजे लीचची सहीच. मामाने त्यावर हात फिरवला आणि लगेच म्हणाला, "चल, भूक लागली."

शनिवार, मिडल्सब्रो

आज मामाच्या गाडीने दक्षिणेकडे. एअरसम पार्क, १९०३ ते १९९५. हेही लीचचं, हेही आता वसाहत. पण इथे नेव्हिल गेबी या कलाकाराला बोलावून घरांच्या मधोमध काही छोट्या ब्राँझच्या वस्तू बसवून घेतल्या आहेत. फलक फारसे नाहीत. शोधावं लागतं, आणि शोधण्यातच गंमत आहे.

आम्ही शोधत होतो ती खूण बुटाच्या खिळ्यांच्या ठशाची. १९ जुलै १९६६, विश्वचषक, उत्तर कोरिया विरुद्ध इटली. कोरियाचा संघ त्या स्पर्धेत कुणाच्या खिजगणतीत नव्हता. ब्रिटन आणि उत्तर कोरिया यांच्यात राजनैतिक संबंधही नव्हते. पण मिडल्सब्रोच्या लोकांनी या बुटक्या, चपळ, सतत पळणाऱ्या पोरांना आपलं मानलं. सोव्हिएत संघाकडून ३-० ने हार, चिलीशी १-१ बरोबरी, आणि मग पूर्वार्ध संपता संपता पाक दू इकने तिरका फटका मारला. इटली बाहेर. मायदेशी परतलेल्या इटालियन खेळाडूंचं स्वागत लोकांनी टोमॅटो फेकून केलं. कोरियाचा संघ पुढच्या सामन्यासाठी लिव्हरपूलला, गुडिसन पार्कला निघाला, तर मिडल्सब्रोचे हजारो लोक त्याच्या मागे गेले. तिथे पोर्तुगालविरुद्ध ३-० अशी आघाडी घेऊन कोरिया ५-३ ने हरला, त्यात युसेबियोचे चार गोल. पण ती दुसऱ्या मैदानाची गोष्ट.

अर्धा तास आम्ही लोकांच्या अंगणात डोकावत हिंडलो. एका बाईंनी खिडकीतून बघितलं, दार उघडलं आणि आम्ही काही बोलायच्या आत बोट दाखवलं. गवतात, वाटेच्या कडेला, तळहाताएवढा ब्राँझचा तुकडा. त्यात खिळ्यांचे खळगे. पावसाचं पाणी साचलं होतं.

"आमच्या अंगणातून इटलीला हरवलं," त्या बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या बऱ्याच जणांना ऐकवत असणार, तरी म्हणताना खुश होत्या.

२००२ मध्ये त्या कोरियन संघातले हयात खेळाडू इथे परत आले होते. छत्तीस वर्षांनी, म्हातारे होऊन, आणि मैदानाऐवजी ही घरं बघायला. त्यांना काय वाटलं असेल?

कालच्या गल्ल्यांच्या नावांपेक्षा हा तळहाताएवढा तुकडा मला शंभर पटीने भिडला. नाव कुठल्याही गल्लीला देता येतं. हा ठसा दहा पावलं इकडेतिकडे सरकवला तर खोटा ठरेल. मामाचं मत वेगळं. तो म्हणाला, "गोल मारणाऱ्याचं स्मारक सगळेच करतात. बघायला आलेल्यांचं कुठाय?" मैदानाचा जुना होलगेट एंड, घरच्या प्रेक्षकांची ती कडवी बाजू, वसाहतीतल्या एका नावात उरली आहे. ते नाव वाचून मामा नुसता हुंकारला.

रविवार, ब्रॅडफर्ड

मामाला सोडून एकटी पुढे. यॉर्क, लीड्स, ब्रॅडफर्ड. गाडी बदलताना पाऊस, पोचल्यावरही पाऊस.

पार्क अॅव्हेन्यू. या प्रवासात एकच मैदान निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन, कॅथकिनच्याही आधी. कॅथकिन देखणं आहे, त्याची निगा राखली जाते. पार्क अॅव्हेन्यू कुणाचंच नाही असं वाटतं. रस्त्याच्या एका बाजूला भव्य मशीद, घुमट आणि मिनार. शेजारी क्रिकेटचं मैदान. आणि त्याला चिकटून, झुडपांच्या आड, ब्रॅडफर्ड (पार्क अॅव्हेन्यू) क्लबचं फुटबॉल मैदान, म्हणजे त्याचा उरलेला तुकडा. खेळपट्टीचा बराचसा भाग १९८० च्या दशकात बांधलेल्या एका व्यायामशाळेच्या इमारतीने खाल्ला आहे. उरलेल्या भागापलीकडे पायऱ्या आहेत. त्यांच्यावर जंगल माजलंय. काटेरी वेलींतून वाट काढत मी पाच-सहा पायऱ्या चढले. बुटाखाली काँक्रीट लागतं, पण दिसत नाही. शेवाळ, कुजलेली पानं, कुणीतरी टाकलेल्या बाटल्या. वरून बघावं तर समोर व्यायामशाळेची मागची भिंत.

इथली मुख्य इमारत लीचने १९०७ मध्ये बांधली तेव्हा एक नामी युक्ती केली होती. स्टँड दोन्ही मैदानांच्या मधोमध, पाठीला पाठ लावून. एका अंगाला बसलं की फुटबॉल, दुसऱ्या अंगाला बसलं की क्रिकेट. कोपऱ्यात कपडे बदलण्यासाठी एक टुमदार बंगली होती, तिला लोक बाहुलीचं घर म्हणत. १९८० मध्ये सगळं पाडलं. यॉर्कशायरचा काउंटी संघ शेजारी १९९६ पर्यंत खेळत राहिला. क्रिकेट आजही चालू आहे, पावसामुळे आज मात्र तिकडेही चिटपाखरू नव्हतं.

या क्लबचं मरण थर्ड लॅनार्कपेक्षा संथ. १९१४ ते १९२१ पहिल्या श्रेणीत, लेन शॅकल्टनसारखा जादूगार खेळाडू इथलाच. तो पुढे न्यूकॅसलला गेला, पहिल्याच सामन्यात सहा गोल मारले आणि नंतर रोकर पार्कचा लाडका झाला. मग घसरण. त्या काळी लीगमध्ये तळाला राहिलेल्या क्लबांना दर वर्षी बाकीच्या क्लबांची मतं मागावी लागत. ती पद्धत म्हणजे जुन्या मंडळींनी एकमेकांना सांभाळून घेण्याची सोय होती, पण १९७० मध्ये सहनशक्ती संपली. मतं केंब्रिज युनायटेडला पडली, ब्रॅडफर्ड बाहेर. १९७३ मध्ये मैदान विकून ते शेजारच्या ब्रॅडफर्ड सिटीच्या व्हॅली परेडवर पाहुणे म्हणून राहिले. वर्षभरात क्लब दिवाळखोरीत निघाला. आजचा त्याच नावाचा क्लब १९८८ मध्ये नव्याने उभा केलेला आहे आणि तो दुसरीकडे खेळतो.

एअरसमचे तुकडे बसवणारा तोच गेबी काही वर्षांपूर्वी जेसन वूड या पुरातत्त्वज्ञाला घेऊन इथे आला. दोघांनी मैदानाचं रीतसर उत्खनन केलं. हडप्पाला करतात तसं, खड्डे आखून, माती चाळून. गोलपोस्टच्या जागा सापडल्या, बुटांचे खिळे, नाणी, गोट्या सापडल्या. गोलजवळ एक जाडजूड सेफ्टी पिन निघाली, लंगोटाला लावतात तशी. चिक फार नावाच्या जुन्या गोलकीपरच्या चड्डीचं इलॅस्टिक भर सामन्यात तुटल्याचा किस्सा इथे सांगतात, त्याच्याशी या पिनेचं नातं जोडलं जातं. गोट्यांचं मात्र मला सगळ्यात जास्त वाटलं. नव्वद मिनिटं फुटबॉल बघायला आणलेलं पोर कंटाळून गोट्या खेळत असणार, आणि एक घरंगळली असणार. शंभर वर्षांपूर्वीच्या कंटाळ्याचा एवढा ठोस पुरावा दुसरीकडे कुठे मिळणार?

संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा व्हॅली परेडला गेले. ते बंद मैदान नाही. पण ११ मे १९८५ ला तिथला जुना लाकडी स्टँड काही मिनिटांत पेटून गेला आणि ५६ माणसं मेली. बाकांखालच्या फटींतून वर्षानुवर्षं पडलेल्या कचऱ्याने पेट घेतला होता. क्लबला त्या दिवशी तिसऱ्या श्रेणीच्या विजेतेपदाचा करंडक देण्यात आला होता, गाव सणासारखं नटून आलं होतं. स्मृतिफलकावरची नावं वाचली. एकाच आडनावाची नावं लागोपाठ येतात. पार्क अॅव्हेन्यूच्या झाडाझुडपांचं जे कौतुक मी सकाळी करत होते, त्याबद्दल इथे जरा जपून विचार करावा लागला. जुनं मैदान रम्य वाटतं ते रिकामं झाल्यावर. भरलेलं असताना ते बऱ्याचदा धोकादायक होतं आणि चालवणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती.

सोमवार, हडर्सफील्ड, बोल्टन

हडर्सफील्डला दोन गाड्यांच्या मधला वेळ काढून लीड्स रोड, हडर्सफील्ड टाउनचं जुनं मैदान. इथे आता मोठमोठी दुकानं आणि त्यांचं वाहनतळ. मैदानाच्या मध्यबिंदूची खूण म्हणून वाहनतळात एक फलक बसवला आहे. १९२४, १९२५, १९२६ असे लागोपाठ तीन वेळा लीगविजेते ठरलेल्या संघाचं हे घर. त्यातली पहिली दोन विजेतेपदं मिळवून देणारा व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन मग लंडनला आर्सेनलकडे गेला. उद्या त्याच्याच मागावर जायचं आहे. यापलीकडे इथे सांगण्यासारखं काही नाही.

बोल्टन मात्र जड गेलं. बर्नडन पार्क, १८९५ ते १९९७. क्लबचे पैसे इतके आटले होते की १९८६ मध्ये रेल्वेच्या बाजूचा अर्धा भराव विकून तिथे सुपरमार्केट बांधू दिलं. क्लब तेव्हा खेळतच होता! म्हणजे दहाएक वर्षं कॉर्नर किक घेणाऱ्याच्या डोक्यावर किराणा दुकानाची कोरी भिंत. आता मैदानही नाही, सगळंच दुकानं.

रेल्वेच्या बाजूचा तो भराव साधा नव्हता. ९ मार्च १९४६, एफए कप, समोर स्टोक सिटी, त्यांच्याकडे स्टॅन्ली मॅथ्यूजसारखा नामांकित खेळाडू. युद्ध नुकतंच संपलेलं, लोकांना करमणुकीची भूक. तिकिटांचा आकडा ६५,४१९, प्रत्यक्षात ८५,००० हून जास्त माणसं आत शिरल्याचा अंदाज. फिरती दारं बंद केली तर लोक भिंतीवरून, रुळांवरून आले. गर्दीला घाबरलेल्या मुलाला बाहेर काढण्यासाठी एका बापाने कुलूप उघडून फाटक उघडलं, तर बाहेरचा लोंढा त्यातून आत आला. कठडे मोडले, ३३ माणसं चिरडून मेली. मृतदेह मैदानाच्या कडेला कोट झाकून ठेवले, लाकडाच्या भुशाने नवी सीमारेषा आखली आणि सामना पुढे खेळवला. निकाल ०-०. चौकशीने सांगितलं की मैदानांना परवाना आणि प्रेक्षकसंख्येला मर्यादा हवी. तसा कायदा यायला १९७५ उजाडलं, तेही १९७१ मध्ये आयब्रॉक्सच्या जिन्यावर आणखी ६६ जण गेल्यानंतर.

सुपरमार्केटमध्ये त्या ३३ जणांच्या आठवणीचा फलक आहे. ट्रॉल्यांची ये-जा चालू होती. मी वाचत उभी राहिले तर मागून एक बाई "जरा सरकता का" म्हणाल्या. बरोबरच होतं, मी वाटेत होते.

चित्रकार लाउरीने १९५३ मध्ये सामन्याला निघालेल्या लोकांचं चित्र काढलं ते याच मैदानाचं. काड्यांसारखी वाकलेली माणसं चारी बाजूंनी आत ओढली जातायत. मैदान त्यात जेमतेम दिसतं, खेळाडू जवळजवळ नाहीतच. २०२२ मध्ये ते चित्र ७८ लाख पौंडांना विकलं गेलं. मामाचा प्रश्न आठवला. प्रेक्षकांचं स्मारक आहे, मामा, फक्त ते कॅनव्हासवर आहे. रात्री फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "त्यातला एकसुद्धा माणूस ते चित्र विकत घेऊ शकला नसता."

मंगळवार, लंडन

भुयारी रेल्वेच्या स्टेशनचं नावच आर्सेनल. पूर्वी ते गिलेस्पी रोड होतं. चॅपमनने पाठपुरावा करून १९३२ मध्ये ते बदलून घेतलं. स्टेशन अजून त्याच नावाने आहे, क्लब मात्र २००६ मध्ये थोडं पलीकडे नव्या स्टेडियममध्ये गेला.

हायबरी, आर्सेनलचं जुनं मैदान, १९१३ ते २००६. इथे काही पडझड नाही, झुडपं नाहीत. अॅव्हेनेल रोडवर पूर्वेच्या स्टँडचा दर्शनी भाग तसाच झळाळतो, पांढरा, आर्ट डेको, लाल अक्षरांत क्लबचं नाव. १९३६ ची ही इमारत वारसा यादीत आहे, तिला हात लावता आला नाही. पश्चिमेचा १९३२ चा स्टँडही राखला. दोन्हींच्या पोटात आता सदनिका आहेत, टोकांना नव्या इमारती, सगळ्या मिळून सातशेच्या वर घरं. जिथे खेळपट्टी होती तिथे बाग. ७ मे २००६ ला विगनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात तीन गोल मारून थिएरी ऑन्रीने ओणवं होऊन ज्या गवताचं चुंबन घेतलं, तिथे आता रहिवाशांची झुडपं आणि काचेचे दिवे. फाटकातून जेवढं दिसतं तेवढं बघितलं.

ग्लासगोमध्ये टिपलेली गोष्ट इथे नेमकी उलटी निघाली. हायबरीत बसणाऱ्यांच्या जागा टिकल्या आणि उभ्यांच्या गेल्या. नॉर्थ बँक आणि क्लॉक एंड, दोन्ही टोकं, सपाट झाली. नॉर्थ बँकच्या पायऱ्या तर टेलर अहवालानंतर १९९२ मध्येच पाडल्या होत्या. नव्या स्टँडचं काम चालू असताना गोलमागे प्रेक्षकांचं चित्र काढलेला भलामोठा पडदा लावला होता. पहिल्या चित्रात एकही काळा चेहरा नव्हता. बोंब झाल्यावर घाईघाईने रंगवले. चित्रातल्या गर्दीतही आधी जागा मागावी लागली म्हणायची.

त्या नॉर्थ बँकबद्दल एक दंतकथा आहे. भराव करण्यासाठी लोकांना कचरा, राडारोडा आणून टाकायला सांगितलं होतं. एका कोळसेवाल्याची गाडी मागे घेताना घोड्यासकट खड्ड्यात गेली, घोडा जबर जखमी झाला, त्याला तिथेच मारून पुरलं. खरं की खोटं, कोण जाणे. पण पायऱ्या कशावर उभ्या असतात याची ही कथा मला पटते: राख, विटांचे तुकडे, शहराचा कचरा, आणि त्यावर हजारो माणसं.

सदनिकांच्या जाहिरातीत मात्र घोड्याचा उल्लेख असणार नाही.

परतीच्या गाडीत पुढचा बेत आखला. साउदॅम्प्टनचं डेल, मँचेस्टरचं मेन रोड, लंडनमधलंच अप्टन पार्क, सगळी घरं होऊन बसलेली, ती कुठे पळून जात नाहीत. आधी लिव्हरपूल. एव्हर्टनचा पुरुष संघ २०२५ मध्ये गुडिसन पार्क सोडून बंदरावरच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. जुनं मैदान पाडायचं जवळजवळ ठरलेलं होतं, आणि ऐन वेळी क्लबने ते महिला संघाचं घर म्हणून ठेवायचं ठरवलं. लीचची तिरपी पोलादी जाळी तिथे अजून जागेवर आहे. युसेबियोने चार गोल मारले ते याच मैदानावर. मामाला फोन केला. तो म्हणाला, महिलांच्या सामन्याची दोन तिकिटं काढ, आणि गोलच्या मागची काढ, बाजूची नको.